गोडाचं नाव कुणी काढलं नव्हतं

दिवसभर प्रवास करायचा आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथेच उतरायचं, असा धंदा जगात एकच. लिफ्टवाल्याचा. लिफ्टकाकांचं अर्ध्याहून जास्त आयुष्य त्या धंद्यात गेलं आणि त्यांना त्याचा कंटाळा म्हणून कधी आला नाही. खरं नाव होतं की त्यांना, आईबापांनी हौसेनं ठेवलेलं. पण इमारतीत ते कुणाला ठाऊक नव्हतं आणि काकांनीही सांगायची तसदी कधी घेतली नाही.

लिफ्ट जुनी. बटण दाबलं की आपोआप जाणारी नव्हे. भिंतीला एक पितळी दांडा. तो एकीकडे ढकलला की वर, दुसरीकडे ओढला की खाली, मधोमध आणला की थांबली. पण नेमकं कुठे थांबायचं हे लिफ्टला कळत नाही, ते दांड्यावरच्या हाताला कळावं लागतं. हात घाईला आला तर लिफ्टची फरशी मजल्याच्या खाली राहते, रेंगाळला तर वर जाते, आणि बाहेर पडणारा माणूस तोंडावर आपटतो. लिफ्टकाका डोळे मिटून थांबवायचे. थापा मारत नाही. जाळीच्या दारातून वास यायचे, आवाज यायचे, तेवढं त्यांना पुरे. लवंगेच्या तेलाचा वास आला की दुसरा मजला, दातांचा दवाखाना. स्पिरिटचा वास आला की तिसरा, डॉक्टर. चौथ्यावर गाण्याचा वर्ग. तिथे कुणीतरी कायम तीच एक ओळ घोटत असायचं. पाचव्यावर अत्तरं बाटल्यांत भरायचे, सहाव्यावर टाइपिंगची खडखड, आणि सगळ्यात वर, सातव्यावर, घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. तिथे पोचलं की शंभर घड्याळांची कुजबुज ऐकू यायची आणि काका दांडा मधोमध आणायचे. फरशीला फरशी अशी लागायची की वरून गोटी सोडली तर अडखळू नये.

एका घडीच्या स्टुलावर बसून हे सगळं. स्टूल बिचारं कुरकुरायचं. कारण काका म्हणजे काय, आधी पोट लिफ्टमध्ये शिरायचं आणि मग पाठोपाठ काका. खाकी कोटाची खालची बटणं लावायचं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. कुणी चिडवलं तर पोटावर हात फिरवून म्हणायचे, "अहो, लिफ्टला वजन लागतं. हलका माणूस ठेवला तर ही बया छपरातून बाहेर जाईल!"

आता बीपीचं. ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कितीतरी वर्षांपूर्वी काकांची मान जड व्हायला लागली, डोकं ठणकायला लागलं. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा जुने डॉक्टर होते. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवला, सोडला आणि म्हणाले, "बीपी वाढलंय. रोज सकाळी ही गोळी. आणि मीठ कमी." बस, एवढंच. काका घरी आले आणि बायकोला म्हणाले, "गोळी घ्यायची, आणि मिठाला रामराम."

काकू घरी बसून उशांचे अभ्रे शिवायच्या. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक कायम पांढऱ्या कापडानं भरलेली. मूलबाळ नव्हतं. एकमेकांना तेच दोघं. हातातला अभ्रा खाली ठेवून काकू म्हणाल्या होत्या, "अहो, मला एकटीला टाकून जायचं नाही. एवढंच मागते. बाकी पथ्यपाणी माझ्याकडे." आणि त्या दिवसापासून त्यांनी असं पथ्य सांभाळलं, की लोणचं नाही, पापड नाही, मिठाचा डबा फळीवरून जो खाली गेला तो कपाटाच्या आत पाठीमागे. भाजी अळणी, भात अळणी, डाळ अळणी. सकाळी गोळी हातावर आणि पाण्याचा पेला समोर. काका जेवायचे, हात धुवायचे आणि पलीकडच्या खोलीत आरामखुर्चीत जाऊन पडायचे. काकू मागाहून स्वयंपाकघरात जेवायच्या. काका एकदा म्हणाले होते, "तू आपलं वरून मीठ घेत जा हो." काकू बरं म्हणाल्या, आणि काकांच्या लेखी तो विषय मिटला.

गोळी लागू पडली. दर काही महिन्यांनी पट्टा गुंडाळला की डॉक्टर मान हलवायचे, "छान!" काकांनी आपल्या मनाशी हिशेब बांधून टाकला होता. बीपी म्हणजे काय, लिफ्टच. वर गेलं होतं, गोळीनं खाली आणलं, आता तळमजल्यावर जाळी लावून उभं आहे. मग चिंता कसली?

आणि मीठ बंद होतं ना? होतं. मग गोडाचं नाव कुणी काढलं होतं? कुणीच नाही.

इथेच खरी गोम होती. त्या इमारतीतला सगळा आनंद लिफ्टमधून वर जायचा. कुणाला बढती, कुणाला मुलगी झाली, कुणाचा पोरगा एकदाचा पास झाला. खोका हातात घेऊन माणूस लिफ्टमध्ये शिरला की खोका उघडण्याआधी पहिला तुकडा लिफ्टकाकांचा. ही तिथली रीतच पडून गेली होती. केकचा कोपरा, चॉकलेट, साखरेची बिस्किटं, मिठाईचा तुकडा, उन्हाळ्यात सरबताचा पेला. "घ्या काका, तोंड गोड करा." आणि काका एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं घ्यायचे, डोळे मिटायचे आणि तोंडात टाकायचे. कुणाच्या आनंदाला नाही म्हणू नये, असं त्यांचं मत होतं. ते उगीच पडलेलं नव्हतं. नवे होते तेव्हा वर्षभर कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं, बोलले ते फक्त मजल्यांचे आकडे. मग एके दिवशी कुणा अनोळखी बाईनं साखरेत घोळवलेला एक पाव त्यांच्या हातावर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का हो?" त्या दिवशी काकांना वाटलं की आपण या इमारतीत आहोत. आता सांगा, असा माणूस गोडाला नाही कसा म्हणेल? जे तोंडात मावत नव्हतं ते कोटाच्या खिशात जायचं आणि दोन मजल्यांच्या मधे संपायचं.

आणि मग ते तरंगणं.

काकांना ज्यांनी दांडा धरायला शिकवलं त्या म्हाताऱ्याला सगळे वस्ताद म्हणायचे. वस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पोरा, काही वर्षांनी लिफ्ट अंगात भिनते. जमिनीवर उभा राहिलास तरी पायाखाली हलल्यासारखं वाटेल. डोकं हलकं होईल, डोळ्यावर झापड येईल. घाबरायचं नाही. ती धंद्याची देणगी." वस्ताद सांगायचे ते खरंच होतं. पहिल्या काही वर्षांतच काकांना रस्त्यातून चालताना फूटपाथ हळूच वर गेल्यासारखा वाटायचा, आणि ते गालातल्या गालात हसायचे. त्यामुळे पुढे जेव्हा जेवणानंतर पापण्या शिशाच्या व्हायला लागल्या, सकाळी उठल्यावरही झोप न झाल्यासारखं वाटायला लागलं, दोन पायऱ्या चढल्या की ऊर धपापायला लागला, तेव्हा काका एकच म्हणायचे. लिफ्ट अंगात भिनली. काकू म्हणायच्या, "अहो, काय घोरता तुम्ही! मधेच श्वास थांबतो तुमचा, मी उठून बसते." काका म्हणायचे, "मजला आला असेल."

खरं सांगायचं तर ते झापडणं काकांना आवडायचं. दुपारी इमारत शांत झाली की लिफ्ट रिकामी वर निघायची. लवंग, स्पिरिट, गाण्याची ओळ, अत्तर, खडखड, घड्याळं. आणि सातवा मजला आला तरी लिफ्ट थांबायची नाही. इमारत तिथे संपते हे काकांना पुरतं ठाऊक होतं, तरीही आठवा मजला यायचा. जाळीतून दिसायचं पाणी, नजर पोचेल तिथवर शांत पाणी, आणि त्यावर दोरीवर वाळत घातलेले पांढरे अभ्रे. वारा त्यांच्यात भरायचा आणि ते फुगायचे. मग नववा. तिथे त्यांची आई दारात उभी, तिशीतली, केस ओले, काकांकडे न बघता कुणाशी तरी बोलत. मग दहावा, जिथे नुसता उजेड असायचा आणि तोंडात साखर विरघळत असायची. काका तिथे फार वेळ थांबायचे. कुणीतरी खालून घंटी वाजवली की डोळे उघडायचे, तर लिफ्ट तळमजल्यावरच उभी, आणि हनुवटीवर चॉकलेटचा ओघळ.

असं चाललं होतं, बरं चाललं होतं, आणि एके दिवशी टायपिस्टबाई पडल्या.

सहाव्या मजल्यावरच्या या बाई. भावाचं लग्न ठरलं म्हणून हातात केकचा भला मोठा खोका घेऊन आल्या. दार लागलं, लिफ्ट निघाली, बाई बोलत होत्या आणि काका "हो का, वा वा" म्हणत होते. चौथ्यावरची गाण्याची ओळ काकांनी ऐकली. पाचव्याचं अत्तर आलं. मग पाणी आलं आणि त्यावर अभ्रे फुगले. हातानं सवयीनं दांडा मधोमध आणला खरा, पण फरशी वीतभर खालीच राहिली. काकांनी डोळे न उघडताच जाळी सरकवली. बाईंनी पाऊल टाकलं, ते अडकलं आणि त्या खोक्यावर पालथ्या पडल्या.

गुडघा खरचटला, दुसरं काही नाही. पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. बाई बिचाऱ्या इतक्या भल्या, की उठून साडी झटकत म्हणाल्या, "अहो काका, काही नाही झालं! केकच चपटा झाला जरासा." आणि खोका उघडून, त्यातल्या त्यात धड असा एक तुकडा उचलून, पहिला त्यांनी काकांच्याच हातावर ठेवला. काकांनी तो खाल्ला. शरमेनं मेल्यासारखं झालं होतं, पण खाल्ला. आता या माणसाला काय म्हणावं!

बातमी मॅनेजरपर्यंत पोचली. मॅनेजर म्हणाला, "काका, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण डॉक्टरांना एकदा दाखवून या. मगच दांड्याला हात." तोवर गेटवरचा वॉचमन लिफ्ट चालवू लागला आणि लोक प्रत्येक मजल्यावर उड्या मारून उतरू लागले.

जुने डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या जागी एक डॉक्टरबाई आल्या होत्या, मृदू बोलायच्या, पण ऐकून घ्यायच्या नाहीत. त्यांनी पट्टा गुंडाळला. बीपी उत्तम. काकांचा जीव भांड्यात पडला. "बघा! मी म्हटलंच होतं. बीपी तळमजल्यावर." आणि ते उठायला लागले.

"बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या. नर्सनं मोजायची टेप आणली आणि पोटाला गुंडाळली. टेप पुरली, पण जेमतेम. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी रक्त घेतलं. त्यानंतर काकांना पुन्हा खुर्चीत बसवून डॉक्टरबाईंनी समजावलं.

"काका, बीपी हा पाहुणा बहुतेक वेळा एकटा येत नाही. त्याचं गणगोत मागोमाग येतं. पोटाचा घेर वाढतो, रक्तातली साखर वाढते, रक्तातली एक चरबी वाढते, आणि जी चांगली चरबी असते ती कमी होते. बीपी धरून हे पाच जण. यातले तीन एका घरात जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. तुमच्याकडे पाचही आहेत. गोळीनं एकाला गप्प बसवलंय, बाकीचे चौघं मजेत बसलेत. मधुमेह अजून झालेला नाही, दारापर्यंत आलाय. पण असंच चालू राहिलं तर तो आत येईल, आणि हृदयाचा झटका नाहीतर अर्धांगवायूचा धोका वाढत जाईल. आत्ता लक्ष दिलंत तर पुष्कळसं मागे फिरवता येतं. तुम्ही सांगता ती झापड, ते घोरणं, त्याचाही या वजनाशी संबंध असणार, तेही तपासू."

"ते लिफ्टमुळे," काका पुटपुटले. "वस्ताद म्हणायचे."

"वस्तादांचं पोट किती होतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं. वस्ताद पाप्याचं पितर होते.

"आता खरं सांगा. घरी गोडाधोडाचं काय काय असतं?"

बघा, इथे सरळ सांगायची वेळ होती. पण काका म्हणाले, "घरात गोडाचा कण नसतो." आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मग स्वयंपाकातच काहीतरी जास्त होत असणार. तेल, भात, काहीतरी. काकूंना घेऊन या. त्यांच्याशी बोलते."

काकांना ते नको होतं. पण हो म्हणाले.

काकू आल्या त्या इस्त्रीची साडी नेसून, परीक्षेला बसल्यासारख्या. डॉक्टरबाई विचारत गेल्या आणि काकू सांगत गेल्या. तेल किती? एवढंसं. तळण? कधीच नाही. साखर? चहापुरती, तीही अर्धा चमचा. भात? हाताची ओंजळ दाखवली. डॉक्टरबाईंनी रिपोर्टकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि फार हळुवारपणे म्हणाल्या, "काकू, तुम्ही मुद्दाम नाही करत, मला माहीत आहे. पण कुठेतरी जास्त जातंय. हाताचा अंदाज चुकतो कधीकधी. जरा कडक व्हा."

काकूंनी मान खाली घातली. "माझंच चुकत असेल," त्या म्हणाल्या.

काका भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही, आणि चोर शेजारच्या खुर्चीत कोटाच्या खिशावर हात ठेवून बसला होता.

घरी जाताना रस्ता वर-खाली होत होता. काकू मान खाली घालूनच चालत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, माझं कुठे चुकलं असेल?" काका म्हणाले, "अगं, डॉक्टर काहीही बोलतात." एवढंच बोलायचं सुचलं त्यांना. कळतं पण वळत नाही.

मग काकू कडक झाल्या. तेल थेंबानं. भात वाटीतून मोजून, तीही लहान वाटी. भाजी नुसती उकडलेली. शिलाईयंत्र थांबवून त्या मधेच उठायच्या आणि डाळीकडे बघत उभ्या राहायच्या, हिच्यात काय पाप असेल असं. आणि काका? मॅनेजरनं त्यांना पुन्हा दांडा दिला होता, डोळे उघडे ठेवायच्या अटीवर. घरी पोट भरेना, तेव्हा लिफ्टमध्ये आणखी खाऊ लागले. बिस्किटांचे पुडे आता मागून घ्यायला लागले. खाताना दर वेळी काकूंची खाली घातलेली मान डोळ्यांपुढे यायची आणि तोंडातली साखर माती व्हायची, आणि माती झाली तरी गिळायचे. दुपारी लिफ्ट आठव्या मजल्यावर जायची ती आता नुसतीच जायची. पाणी असायचं, अभ्रे असायचे, पण वारा पडलेला. नवव्यावरची आई पाठमोरी.

डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. साखर आणखी वर.

त्या संध्याकाळी रिपोर्ट टेबलावर पडला होता. काकूंनी तो दोनदा वाचला, समजण्यापुरतं समजून घेतलं आणि सुई-दोरा बाजूला ठेवला.

"मी एक ठरवलंय," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तुमचा डबा तुमच्या बहिणीकडून येईल. मी तिला विचारलंय. माझा हातच वाईट दिसतोय. माझ्या हातचं खाऊन तुम्हाला काही झालं तर मी काय करू? त्यापेक्षा तिच्या हातचं खा आणि जगा."

एवढं सरळ म्हणाल्या. रडल्या नाहीत, रागावल्या नाहीत. उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि आपलं ताट वाढून घेऊन पाटावर बसल्या.

काका आरामखुर्चीत पडलेले. खुर्ची वर चालली होती. लवंग नाही, स्पिरिट नाही, कुठलाच वास नाही, नुसतंच वर. आणि त्यांना एकदम वाटलं की ही आता थांबायची नाही, आणि खाली ही बाई एकटी राहील. ते उठले. भिंतीला धरून स्वयंपाकघरात आले आणि काकूंच्या समोर जमिनीवर बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण काकू जेवताना त्यांच्यापुढे बसायची ही पहिलीच वेळ.

"काय हवंय?" काकू दचकल्या.

काहीतरी करायचं म्हणून काकांनी त्यांच्या ताटातला भाजीचा एक तुकडा उचलून तोंडात टाकला. मग दुसरा. मग डाळीत बोट बुडवून चाटलं.

"अगं, यात मीठ नाही!"

"नाहीच."

"तुझ्या ताटात का नाही? मी म्हटलं होतं ना, वरून घे?"

"घेतलं होतं सुरुवातीला एकदोनदा," काकू घास कालवत म्हणाल्या. "तुम्ही पलीकडे अळणी खाऊन पडलेले, आणि मी इथे चवीचं खाते. घशाखाली उतरेना. मग सोडलं. सवय होते हो माणसाला."

काका बसल्या जागी हलले. पण या वेळी जमीन स्थिर होती, हलत होते ते स्वतः. खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस, पोट गदगदतंय, आणि तोंडातून आवाज नाही. मग त्यांनी खुंटीवरचा कोट ओढून घेतला आणि खिसे उलटे केले. चॉकलेटं, बिस्किटांचा चुरा, कागदात गुंडाळलेला केक, एक अर्धी चावलेली मिठाई. सगळं फरशीवर.

"तुझा हात वाईट नाही," ते म्हणाले. "हा माझा हात बघ. रोज खातो. वर जाताना खातो, खाली येताना खातो. पहिल्यापासून. डॉक्टरबाईंसमोर तू मान खाली घातलीस ना, तेव्हाही खिशात होतं. मी खोटारडा आहे गं. मला नाही म्हणता येत नाही कुणाला, आणि तुला खरं सांगता येत नाही."

काकूंनी ताट सरकवलं. मग बोलल्या, आणि असा आवाज काकांनी कधी ऐकला नव्हता. "एवढी वर्षं! एवढी वर्षं मी चमचा न् चमचा मोजला. तुमचा श्वास थांबला की उठून बसले, नाकापुढे बोट धरलं. त्या बाईसमोर गुन्हेगार होऊन बसले. आणि तुम्ही चित्र बघत बसलात! लाज नाही वाटली?"

"वाटली."

"मग?"

"मग काही नाही. वाटली."

"उद्या जायचं डॉक्टरबाईंकडे," काकू म्हणाल्या. "मी शेजारी बसेन, पण सांगायचं तुम्ही. सगळं. आणि तुमच्या बहिणीचा डबा नकोय. माझ्या हातचंच खायचं."

"हो."

"आणि जिन्यानं चढायचं. आणि उतरायचं."

"हो."

काकूंनी डोळे पुसले आणि ढिगातलं सोनेरी कागदाचं एक चॉकलेट उचललं. "हे कुणाचं?" काकांनी सांगितलं, चौथ्यावरच्या गाण्याच्या बाईंचं, त्यांच्या लेकीनं पहिल्यांदा लोकांसमोर गाणं म्हटलं. "आणि हे?" घड्याळवाल्या म्हाताऱ्याचं, त्याच्या नातवाचं पत्र आलं. "हे?" टायपिस्टबाईंच्या भावाचं लग्न पार पडलं. काकू एकेक उचलत गेल्या, काका सांगत गेले, आणि सगळ्या मजल्यांवरची माणसं एकामागून एक त्या लहानशा स्वयंपाकघरात येऊन गेल्यासारखी वाटली.

सगळं विचारून झाल्यावर काकूंनी तो ढीग एका कागदावर गोळा केला आणि उठून उभ्या राहिल्या. मोरीपाशी गेल्या, थांबल्या, आणि मागे न वळता म्हणाल्या, "तुमचं पथ्य म्हणून मी घरात गोडही आणलं नाही कधी. जिभेला चव कशी ती ठाऊक नाही राहिली. एवढं सगळं खिशातून येत होतं हो. एखादं माझ्यासाठी राखून ठेवावं, असं एकदाही वाटलं नाही तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी काकांनी डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं, अडखळत पण सगळं. पुढे कुणी लिफ्टमध्ये खोका उघडला की ते हात जोडायचे, "नको हो. बातमी मात्र सांगा." लोकांना आधी वाईट वाटायचं, मग सवय झाली. पोट हळूहळू उतरलं, साखर दारातून मागे सरकली, तरंगणंही बरंच थांबलं. पण काकूंच्या त्या प्रश्नाचं उत्तर काही त्यांना सापडलं नाही.